केसपेपरवरचा रिकामा रकाना : बेघर रुग्ण आणि घर सोडलेली परिचारिका

(शेलार, तालुका भिवंडी इथे एका नर्सिंग-प्राध्यापिकेनं दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला थोडा भाग जोडला आहे.)

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? भिवंडीत बोलायचं म्हणजे लूमशी स्पर्धा करावी लागते, त्यामुळे मध्येच आवाज चढला तर रागावले असं समजू नका.

आजच्या विषयात तीन गोष्टी आहेत. बेघर माणसांचं आजारपण, परिचारिकांचं स्थलांतर आणि नर्सिंगचा इतिहास. मला नेहमी विचारतात, की मॅडम, या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? एक धड विषय घ्या की. मला तो एकच विषय वाटतो. कसा, ते सांगते.

तुम्ही सरकारी दवाखान्यात केसपेपर काढता. त्यावर नाव, वय, लिंग आणि पत्ता. नाव नसलं तरी चालतं, 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४०' असं लिहून आम्ही रुग्ण दाखल करून घेतो. वय तर आम्ही बघूनच टाकतो. पण पत्त्याचा रकाना रिकामा असला की सगळी यंत्रणा अडखळते. औषध कुठे पाठवायचं, पुढच्या तारखेला आला नाही तर शोधायला कुणाला पाठवायचं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे डिस्चार्ज द्यायचा तो कुठे? डॉक्टर डिस्चार्ज कार्डावर सही करून पुढच्या वॉर्डात जातात. 'घरी आराम करा, पौष्टिक खा, जखम कोरडी ठेवा' हे रुग्णाला समजावून सांगायचं काम सिस्टरचं असतं. समोरचा माणूस पुलाखाली राहत असेल तर त्यातलं एक तरी वाक्य खरं उरतं का? हे सांगताना जिभेला जो जडपणा येतो, तो आम्हाला कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत.

आता बेघर म्हणजे कोण? जनगणनेची व्याख्या साधी आहे. ज्याच्या डोक्यावर छप्पर असलेली वास्तू नाही, जो रस्त्याकडेला, पुलाखाली, पाइपात, स्टेशनात, देवळाच्या आवारात उघड्यावर राहतो, तो बेघर. २०११च्या जनगणनेत अशा लोकांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत केली. देशात सुमारे १७ लाख ७० हजार, महाराष्ट्रात दोन लाखांच्या वर, आणि बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार. मुंबईत रात्री उशिराच्या लोकलनं उतरलेल्या कुणालाही विचारा, हा आकडा त्याला पटणार नाही. एका रात्रीत, टॉर्च घेऊन, झोपलेल्या माणसाला उठवून मोजायचं. जो पोलिसाच्या भीतीनं जागा बदलतो, तो सुटणारच. मुंबईत भीक मागणं हा १९५९च्या कायद्यानं गुन्हा ठरवलेला आहे, म्हणजे उघड्यावर झोपलेल्या गरिबाला सरकारी माणूस जवळ येताना दिसला की लपावंसं वाटणं साहजिकच.

पण मला तुमच्या भिवंडीबद्दल बोलायचंय. इथला लूम-कामगार घ्या. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेला, काही तेलंगणातून आलेले. बारा तासांची पाळी. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा जण, आणि त्यांतले अर्धे दिवसपाळीचे, अर्धे रातपाळीचे. एक उठतो, त्याच्याच अंथरुणावर दुसरा आडवा होतो. अंथरूण कधी गार पडत नाही. कुणी लूमच्याच माळ्यावर झोपतात. जेवण भिशीत, म्हणजे महिन्याचे पैसे भरून जिथे जेवतात त्या खानावळीत. जनगणनेच्या हिशेबात हा माणूस बेघर नाही. छप्पर आहे ना! पण त्याला टीबी झाला, डॉक्टरनं सांगितलं की हवेशीर जागेत वेगळं झोप, तर तो कुठे झोपेल? आजारी पडून पाळी चुकली की कमाई बंद, कारण मजुरी नगावर. कमाई बंद की भिशीचं बिल थकलं. दोन महिने थकलं की खोलीही गेली. तेव्हा तो जनगणनेच्या व्याख्येत येतो. आजार आधी, बेघर होणं नंतर. आपल्याला वाटतं की रस्त्यावर राहिल्यामुळे माणूस आजारी पडतो. तेही खरंच, पण उलटी वाटही तेवढीच वाहती आहे.

म्हणून माझ्या विद्यार्थिनींना मी जनगणनेची व्याख्या बाजूला ठेवायला सांगते. त्यांना म्हणते, रुग्णाला 'घर आहे का' असं विचारूच नका. सगळे 'आहे' म्हणतात. गोरखपूरला आहे, आजमगडला आहे, मेळघाटात आहे. त्यापेक्षा विचारा, की रात्री लघवीला उठलात तर कुठे जाता? औषधाची पट्टी कुठे ठेवता? पाणी किती वाजता येतं? ताप आला तर दिवसा आडवं व्हायला मिळतं का? आणि तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत तर कुणाच्या लक्षात येईल? या पाच प्रश्नांची उत्तरं मिळाली की घर आहे की नाही ते आपोआप कळतं. शेवटच्या प्रश्नावर बरेच जण गप्प होतात. एका लूम-कामगारानं माझ्या विद्यार्थिनीला उत्तर दिलं होतं, 'भिशीवाल्याच्या. त्याचे पैसे राहिलेत ना.' ती मुलगी हसली, मग वहीत लिहायचं थांबली.

टीबीचं उदाहरण जरा पुढे नेते, कारण ते इथे घरोघरी आहे. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. औषध मोफत. शिवाय निक्षय पोषण योजनेत २०१८पासून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४पासून ते १००० झाले. चांगली योजना आहे, मी तिच्या बाजूची आहे. पण पैसे बँक खात्यात येतात. खातं गावाकडचं, पासबुक बायकोकडे, मोबाइल नंबर तीनदा बदललेला. दोन महिन्यांत ताप उतरतो, वजन वाढतं, माणूस म्हणतो बरा झालो आणि गावी जातो. नियमानं त्याची नोंद ऑनलाइन दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येते. त्यासाठी त्यानं जाण्याआधी आम्हाला सांगायला हवं, आणि आम्ही त्याला 'कुठे चाललास?' हे अशा आवाजात विचारायला हवं, की त्याला ती दरडावणी वाटणार नाही. उपचार पुरा होणं हे पुष्कळदा या एका प्रश्नाच्या सुरावर अवलंबून असतं. यालाच आम्ही नर्सिंग म्हणतो. इंजेक्शन कुणीही शिकतं.

आणि शेलारची अडचण त्याहून वेगळी आहे. जनगणनेत शेलार हे 'जनगणना नगर' आहे. म्हणजे लोकसंख्या पाच हजारांच्या वर, दाटी शहरासारखी आणि चारांतले तीन पुरुष शेतीबाहेरच्या कामात. मोजणाऱ्यानं ठरवलं की हे शहर. पण कारभार ग्रामपंचायतीचा, म्हणजे सरकारच्या कागदावर खेडं. याचा आजाऱ्याशी काय संबंध? संबंध असा, की सर्वोच्च न्यायालयानं शहरी बेघरांसाठी निवारे बांधायला सांगितले, २०१३ साली त्याची योजना झाली. एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा चोवीस तास उघडा निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा. हे सगळं महापालिका-नगरपालिकांनी करायचं. भिवंडी महापालिकेची हद्द संपली की निवारा मागायचा हक्कही संपला. ग्रामीण आरोग्याच्या हिशेबानं पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पण हे लोक म्हणजे यादीतले लोक. माळ्यावर झोपणारा यादीत नाही, वीटभट्टीवरचं कातकरी कुटुंब यादीत नाही. दिवाळीनंतर ते भट्टीवर येतात, पावसाला परत जातात. एएनएम ताई आणि आशाताई ज्यांच्यासाठी नेमल्या आहेत, त्याच्या कितीतरी अधिक लोकांना त्या प्रत्यक्षात सांभाळतात. तुम्ही त्यांना उशीर झाला म्हणून बोल लावता ना, तेव्हा हा हिशेब आठवा.

इथे थोडा वेळ इतिहासात जाऊ. मला ठाऊक आहे, इतिहास म्हटलं की नाइटिंगेलबाईंचा दिवा येणार असं तुम्हाला वाटतं. बाई मोठ्याच होत्या. हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, पण इथल्या लष्करी छावण्यांच्या आरोग्यावर लंडनला बसून त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. आज मात्र मी सुरुवात पुण्यातून करणार आहे.

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेला दिवस गेले की तिला घरातून हाकलत, नाहीतर ती विहीर जवळ करी, किंवा मूल मारलं जाई. अशा बायांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल ठेवायचं तर ठेवावं, अशी ती जागा. आजच्या भाषेत तो बेघर स्त्रियांचा निवारा आणि प्रसूतिगृह एकाच छपराखाली होतं. तिथे १८७४ साली एका ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. तो फुल्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. शिकून डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा याच यशवंतनं हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला, आणि सावित्रीबाई तिथे रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली आहे. मला तिच्यातला एवढाच धागा दाखवायचाय, की निवाऱ्यात जन्मलेल्या मुलानं दवाखाना उघडला आणि निवारा चालवणारी बाई त्या दवाखान्यात शुश्रूषा करत गेली. निवारा आणि शुश्रूषा ही दोन खाती आपण नंतर वेगळी केली. एक समाजकल्याणकडे, एक आरोग्याकडे. फाइल मध्येच कुठेतरी पडून राहते.

त्याच प्लेगमध्ये मुंबईत काय झालं बघा. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगास यांनी रोग ओळखला. सरकारनं रोग्याला उचलून इस्पितळात न्यायला आणि घरं रिकामी करायला सुरुवात केली. माणसानं राहायला नालायक ठरवलेल्या घरांवर 'यू.एच.एच.' अशी इंग्रजी अक्षरं रंगवली जात. लाखो लोक शहर सोडून पळाले. १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्यानं दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते केले. पाडलेल्या खोल्यांतल्या गरिबांना तेवढ्या नव्या खोल्या काही मिळाल्या नाहीत. ते शेजारच्या चाळीत आणखी दाटीनं शिरले. रोग घालवण्यासाठी घर पाडायचं, आणि त्यातून पुढच्या रोगाची सोय करायची. भिवंडीत मोडकळीला आलेल्या इमारतींना पालिका नोटिसा लावते, तेव्हा मला ती अक्षरं आठवतात. नोटीस लावणं बरोबरच आहे. सप्टेंबर २०२०मध्ये पटेल कंपाउंडमधली जिलानी बिल्डिंग पहाटेच्या झोपेत कोसळून चाळीसच्या आसपास माणसं गेली, ते तुम्ही पाहिलंय. पण नोटीस चिकटवणाऱ्यानं 'जायचं कुठे' याचं उत्तर सोबत आणायला हवं.

आता परिचारिका कुठून आल्या? १८८६ साली मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं, डॉ. एडिथ पेची तिथल्या प्रमुख. तिथे इथल्या मुलींना शुश्रूषेचं शिक्षण द्यायला सुरुवात झाली. आमच्या पाठ्यपुस्तकात १८९१ सालच्या काशीबाई गणपत या पहिल्या हिंदुस्थानी विद्यार्थिनीचं नाव येतं. एक ओळ. पुढे काही नाही. ती कोण, घरी कोण होतं, पगार किती होता, पुस्तकाला पडलेली नाही. तीच पुस्तकं गव्हर्नरांच्या बायकांना मात्र परिच्छेद देतात.

मग १९०९ साली पुण्यात सेवासदन. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर. सेवासदननं मुलींना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला धाडलं तेव्हा पुणं काय म्हणालं असेल, तुम्ही कल्पना करू शकता. परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, रात्री घराबाहेर राहायचं, कुठल्या जातीचा रोगी असेल त्याला शिवायचं. चांगल्या घरच्या मुली कोण पाठवणार? म्हणून गेल्या त्या बहुतेक विधवा आणि टाकलेल्या बाया. ज्यांना घर होतं, त्यांना घरानं अडवलं. ज्यांना घर उरलं नव्हतं, त्यांना अडवायला कुणी नव्हतं. वसतिगृहाची खोली, दोन वेळचं जेवण, अंगावर गणवेश, हातात कमाई. मिशनच्या इस्पितळांत दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींचं असंच झालं. म्हणजे बघा, बेघर माणसांचं आजारपण हा नर्सिंगचा नंतर जोडलेला विषय नाही. आमचा पेशाच घर गमावलेल्या बायांनी उभा केलाय. नर्सेस होस्टेल हे आमच्या कितीतरी जणींचं पहिलं स्वतःचं घर.

याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर फार गोड चित्र होईल. बाई निराधार, म्हणून कमी पगारात राहील. बाई वसतिगृहात, म्हणून चोवीस तास हाताशी. 'सेवा' हा शब्द या ठिकाणी फार सोयीचा ठरला. सेवेला कुणी ओव्हरटाइम देत नाही. आज २० खाटांच्या खासगी दवाखान्यात जीएनएम झालेली मुलगी ज्या पगारावर काम करते, त्याची मुळं तिथे आहेत असं माझं मत आहे. २०११-१२मध्ये मुंबई, दिल्ली आणि मग केरळ इथल्या खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांनी संप केले. मागण्या काय, तर किमान पगार द्या आणि बाँडच्या नावाखाली अडकवून ठेवलेली आमची मूळ प्रमाणपत्रं परत करा. पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं समिती नेमायला लावली. ५० खाटांपर्यंतच्या दवाखान्यात महिना २० हजारांपेक्षा कमी नको आणि २००च्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेएवढा पगार, अशी शिफारस त्या समितीनं केली. शिफारसच ती. तुमच्या ओळखीच्या सिस्टरला पगार विचारा, आणि मग ठरवा.

इथून स्थलांतर सुरू होतं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. सर जोसेफ भोर, नाशिकचे. त्यांनी मांडलं की देशात ४३ हजार माणसांमागे एक परिचारिका आहे. म्हणजे मोठ्या गर्दीच्या जत्रेला एक सिस्टर. ही तूट मुंबईत कुणी भरून काढली? मोठ्या प्रमाणात मल्याळी मुलींनी. सतराव्या-अठराव्या वर्षी गाडीत बसून आल्या, मराठी वॉर्डात शिकल्या, आणि अजूनही 'दुकतंय का?' असं विचारतात. आपण त्यांची नक्कल करून हसतो. पण पोटात दुखणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत विचारायला त्या शिकल्या. आपल्यातल्या किती जणांनी यंत्रमागावरच्या माणसाची भाषा शिकून घेतली?

त्यातल्याच पुढे अमेरिकेला, १९६०च्या दशकात पश्चिम जर्मनीला, १९७०नंतर आखाती देशांत गेल्या. मुंबई हे मधलं स्टेशन झालं. घरच्यांनी जमीन गहाण टाकून एजंटला पैसे दिले, मग तिकडे युद्ध होवो नाहीतर काही होवो, मुलगी परत कशी येणार? २०१४ साली इराकमधल्या तिक्रीतमध्ये ४६ भारतीय परिचारिका अडकल्या होत्या, बहुतेक केरळच्या. सुटून आल्यावर काही जणींची पहिली चिंता कर्जाची होती. त्यानंतर २०१५मध्ये सरकारनं नियम केला, की आखातासह १८ देशांत परिचारिका पाठवायच्या तर ठरलेल्या सरकारी संस्थांमार्फतच. खासगी एजंटांची लूट रोखायला तो केला. चोरवाटा तरीही आहेतच.

आणि आता आपली मराठी मुलं-मुली. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जगात परिचारिका कमी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगभरात २ कोटी ९८ लाख परिचारिका, तूट ५८ लाखांची, आणि दर सात परिचारिकांमागे एक परदेशात जन्मलेली. श्रीमंत देश म्हातारे होताहेत, त्यांना आपल्या मुली हव्यात. २०१०ची एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे, की ज्या देशांत आरोग्यसेवक फारच कमी आहेत तिथून भरती करू नये. त्या देशांची यादी आहे, तीत पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आहेत, भारत नाही. म्हणजे आपल्याकडून न्यायला वाट मोकळी. कागदावर आपल्याकडे नोंदणीकृत परिचारिका भरपूर आहेत. पण वर्षानुवर्षं त्या नोंदवहीत लग्नानंतर काम सोडलेली होती, निवृत्त झालेली होती आणि दुबईला गेलेलीही होती.

मुलींनी जाऊ नये असं मी कधीच म्हणणार नाही. कमी पगारावर इथे राबवून घ्यायचं आणि वर देशप्रेम शिकवायचं, हे मला पटत नाही. मी एवढंच बघते, की गेलेल्या मुलीची रातपाळी इथे कोण करतं. वॉर्डात ६० रुग्ण आणि एक सिस्टर असली की सगळ्यात आधी काय सुटतं? पत्ता नसलेल्या माणसाशी बोलणं. सलाइन लावलं जातं, नोंद होते. 'कुठे चाललास?' विचारायचं राहून जातं.

या सगळ्या धाग्यांची एकत्र गाठ जिथे पडते, ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. अरुणा शानबाग. कर्नाटकातल्या हळदीपूरची मुलगी, घर सोडून मुंबईला नर्सिंगसाठी आलेली. २७ नोव्हेंबर १९७३ला केईएममध्ये तिच्यावर हल्ला झाला आणि पुढची ४१ वर्षं, १८ मे २०१५पर्यंत, ती त्याच रुग्णालयात होती. परतायला घर उरलं नव्हतं. ऐंशीच्या दशकात पालिकेनं तिला दुसरीकडे हलवायचा घाट घातला, खाट रिकामी हवी म्हणून. तिथल्या परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या आणि ते बारगळलं. पाहिलंही नव्हतं जिला धडधाकट असताना, अशा पुढच्या पुढच्या तुकड्यांच्या मुलींनी तिला न्हाऊ-माखू घातलं. २०११ साली दयामरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला ठरवायचं होतं, की या बाईच्या वतीनं बोलायचा अधिकार कुणाचा. न्यायालयानं सांगितलं, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. रक्ताचं नातं नाही, एक छप्पर नाही, तरी कायद्यानं त्यांना तिची जवळची माणसं मानलं. घर म्हणजे काय याची मला माहीत असलेली ही सगळ्यात नेमकी सरकारी व्याख्या आहे. दवाखान्यानं सगळ्यांचं घर व्हावं असं मात्र मी म्हणत नाही. तसं झालं तर खाटा पुरणार नाहीत, आणि माणसानं आयुष्य वॉर्डात काढणं ही चांगली गोष्टही नाही.

मग करायचं काय? अमेरिकेत बॉस्टनला पाइन स्ट्रीट इन नावाचा बेघरांचा निवारा आहे. १९७२पासून तिथे परिचारिकांनी चालवलेला दवाखाना होता. १९८५मध्ये जिम ओ'कॉनेल नावाचे तरुण डॉक्टर तिथे आले, मोठ्या इस्पितळातून शिकून. बार्बरा मॅकिनिस नावाच्या परिचारिकेनं त्यांना सांगितलं, स्टेथोस्कोप बाजूला ठेवा आणि या लोकांचे पाय धुवा. महिना-दीड महिना ते परातीसारख्या टबात म्हाताऱ्यांचे पाय भिजवत बसायचे. चालून चालून सुजलेले, कुजलेले पाय. पायाशी बसलेल्या माणसाशी लोक बोलतात. पुढे त्या संस्थेनं एक घर काढलं, इस्पितळातून सुटलेल्या पण रस्त्यावर परत जाण्याइतपत बऱ्या न झालेल्या माणसांसाठी. त्या घराला मॅकिनिसबाईंचं नाव दिलं. प्लॅस्टर निघेपर्यंत, जखम भरेपर्यंत, इंजेक्शनांचा कोर्स संपेपर्यंत राहायचं.

हे भिवंडीला अशक्य आहे का? इथे गोदामांना जागा आहे. इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयातून सुटलेल्या माणसाला दहा खाटांची, एका सिस्टरची, एका स्वयंपाकाची जागा लागते. औषधं सरकारीच आहेत. मला सगळ्यात मोठी अडचण पैशाची वाटत नाही, हद्दीची वाटते. पालिका म्हणणार हा ग्रामपंचायतीतला, ग्रामपंचायत म्हणणार हा आमच्या यादीत नाही, आणि मालक म्हणणार हा ठेकेदाराचा माणूस. मे २०२०च्या सुरुवातीला भिवंडीहून गोरखपूरला श्रमिकांची गाडी सुटली, त्याआधी किती जण पायी निघाले होते, ते तुम्ही महामार्गावर बघितलंत. तेव्हा तुम्हीच रस्त्याकडेला पाणी आणि जेवण घेऊन उभे होतात. कुणी कुणाची यादी तपासली नव्हती.

(प्रश्नोत्तरांतून)

एका श्रोत्यांनी विचारलं : आमच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या आहेत. एखादा आजारी असेल तर आम्ही काय करायचं? बाकीचे म्हणतात त्याला काढा.

दादा, खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर त्याला थुंकीच्या तपासणीला पाठवा, ती फुकट होते. टीबी निघाला तरी घाबरू नका. साध्या टीबीत औषध नीट चालू झालं की काही आठवड्यांतच लागण होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. खरा धोका असतो तो निदान न झालेल्याचा, आणि तुम्ही एकाला काढलंत की बाकीचे खोकला लपवायला लागतात. खिडकी उघडी राहील असं बघा. भाड्याच्या खोल्यांना खिडकीच नसते, ती पाडून घ्या. आणि त्याला दोन महिन्यांच्या भाड्याची सवलत देता आली तर द्या, जमलं तर.

एका ताईंनी विचारलं : मुलगी जीएनएम करतेय. जर्मनीचं बोलतात. पाठवू का?

मुलीला जायचंय का, ते आधी तिला विचारा. मग पुढच्या गोष्टी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची तिची नोंदणी आधी होऊ द्या. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट यादीत आहे का बघा. त्यानं किती पैसे घ्यायचे याला कायद्यानं कमाल मर्यादा आहे, ३० हजार रुपये आणि वर जीएसटी. लाखांत मागितले तर तिथूनच उठा. जर्मनीचा 'ट्रिपल विन' म्हणून सरकारी कार्यक्रम आहे, केरळनं २०२१मध्ये तो घेतला, त्यात उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेत नाहीत, म्हणजे पैसे न घेता हे होऊ शकतं. भाषा सगळ्यात महत्त्वाची, बी-टू पातळी येईपर्यंत तिला पूर्ण परिचारिका म्हणून मान्यता सहसा मिळत नाही. तोवर मदतनीस म्हणून काम आणि पगारही तेवढाच. करार तिला वाचता येईल अशा भाषेत हातात घ्या, सही त्यानंतर. आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या.